चौसष्ट चाकांचा ट्रेलर गावापाशी थांबला तर काय बघायचं?

सालेकसा/देवरी : माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला येणाऱ्यांना दोन वाटा ओळखीच्या आहेत. एक रेल्वेची. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, आणि तिथून धनेगावमार्गे गुहेकडे. दुसरी रस्त्याची. नागपूर किंवा रायपूरकडून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने देवरी आणि मग आत सालेकसाकडे. आपल्यासाठी या यात्रेच्या, बाजाराच्या आणि दवाखान्याच्या वाटा. पण यातली रेल्वे म्हणजे मुंबई-हावडा मुख्य मार्ग आणि तो महामार्ग म्हणजे सुरतजवळच्या हजिरापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत. देशातली अजस्र यंत्रं याच पट्ट्यातून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात.

देवरीच्या पुढे शिरपूर ओलांडलं की छत्तीसगड लागतं. या पट्ट्यात महामार्गाच्या कडेला कधीकधी ताडपत्री झाकलेला, मोजता येणार नाहीत इतक्या चाकांचा ट्रेलर उभा दिसतो. दोन दिवस, चार दिवस, कधी त्याहून जास्त. पोरं फोटो काढतात, रील बनवतात. मोठी माणसं विचारतात, "हे एवढं काय आहे? थांबलं कशाला? आपला रस्ता तर फुटणार नाही ना? तार तुटली तर पैसे कोण देणार?"

प्रश्न बरोबर आहेत. उत्तरं सोप्या भाषेत समजून घेऊ. कारण अशी गाडी उद्या महामार्ग सोडून गावाच्या रस्त्यावर आली, तर काय बघायचं आणि काय विचारायचं हे आधीच माहीत असलेलं बरं.

ओडीसी म्हणजे काय?

ट्रकवाल्यांच्या भाषेत या मालाला 'ओडीसी' म्हणतात, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल. आपल्या देशात मालवाहू गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर, साध्या ट्रकची उंची ४ मीटर आणि पुढे इंजिन मागे ट्रेलर अशा जोडगाडीची लांबी १८.७५ मीटर धरलेली आहे. माल यात बसत नसेल तर तो ओडीसी. माप बसतं पण वजन मर्यादेपलीकडे जातं, तर तो जादा वजनाचा माल. बरेचदा दोन्ही एकत्र असतात.

यात काय काय येतं? वीज उपकेंद्राचा मोठा ट्रान्सफॉर्मर, पोलाद कारखान्याची यंत्रं, सिमेंट कारखान्याची भट्टी, पवनचक्कीचं पातं, बॉयलरचे भाग. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. अशा एकेका संचाच्या जनरेटरचा मुख्य भाग शेकडो टनांचा असतो. तो तुकडे करून आणता येत नाही. कारखान्यात जसा बनला तसाच, अखंड, जागेवर न्यावा लागतो. नियमातही मुद्दा हाच आहे. जो माल सुटा करता येतो त्याला ही सवलत नाही. रेती, गिट्टी, धान, कोळसा कितीही भरला तरी तो 'ओडीसी' होत नाही. तो सरळसरळ ओव्हरलोड.

रेल्वेने का नेत नाहीत?

दरेकशाच्या पुढे डोंगरगडकडे जाताना बोगदा लागतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कचारगडच्या गुहेचं तोंड निसर्गाने केलं, बोगद्याचं तोंड मात्र मोजून केलेलं आहे. डबा आणि त्याच्या आजूबाजूला ठरलेली मोकळी जागा, एवढंच त्याचं माप. वर विजेची तार, बाजूला खांब, फलाटाच्या कडा. रेल्वेतही मापाबाहेरच्या मालाला ओडीसीच म्हणतात. बाजूला जागा जितकी कमी उरते, तितके वेगाचे आणि वेळेचे नियम कडक होतात. काही ट्रान्सफॉर्मर मधोमध खोलगट असलेल्या खास वॅगनवरून रेल्वेने जातातही. पण एका मर्यादेनंतर बोगद्यातून आणि तारेखालून जाणं शक्यच नसतं. मग रस्ता धरावा लागतो.

परदेशातून येणाऱ्या यंत्राचंही तसंच. जहाजाने ते न्हावा शेवा, मुंबई, कांडला किंवा विशाखापट्टणमच्या बंदरात येतं, तिथे सीमाशुल्काची कागदपत्रं होतात आणि मग जमिनीवरचा प्रवास सुरू होतो. समुद्रातले हजारो किलोमीटर सोपे जातात. खरी परीक्षा शेवटच्या काहीशे किलोमीटरची असते.

इतकी चाकं कशाला?

इथे एक गैरसमज दूर करू. गाडी जितकी मोठी तितका रस्ता जास्त फुटतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. रस्त्यावर किती भार पडतो हे गाडीच्या एकूण वजनावर नाही, तर एकेका ॲक्सलवर किती वजन आलं यावर ठरतं.

हिशोब बघा. समजा १०० टनांचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्यासाठी ८ ओळींचा हायड्रॉलिक ट्रेलर लावला. प्रत्येक ओळीत ८ चाकं, म्हणजे एकूण ६४ चाकं. ट्रेलरचं स्वतःचं वजन अंदाजे ३२ टन धरू. एकूण १३२ टन. ते ८ ओळींत वाटलं तर एका ओळीवर साडेसोळा टन. कायद्याने अशा ट्रेलरच्या एका ओळीला १८ टनांची मर्यादा आहे, म्हणजे हा ट्रेलर मर्यादेत बसला. एका चाकावर भार आला साधारण दोन टन.

आता आपल्या नेहमीच्या दहा चाकी टिप्परकडे बघा. त्याच्या मागच्या दोन ॲक्सलच्या जोडीला २०१८ पासून २१ टनांची मर्यादा आहे. मागे चाकं आठ. म्हणजे नियमात भरलेल्या टिप्परच्या एका चाकावरही अडीच टनांहून जास्त भार येतो. त्याच टिप्परमध्ये दडपून माल भरला आणि मागच्या जोडीवर ३० टन आले, तर एका चाकावर पावणेचार टन.

अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक चालवून मोठी चाचणी केली गेली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, जवळजवळ सोळा पट होते. या हिशोबाने २१ ऐवजी ३० टन लादलेली टिप्परची जोडी एका खेपेत नियमातल्या चार खेपांएवढा रस्ता खाते. आणि ती रोज जाते, दिवसातून पाच-सहा वेळा जाते. चौसष्ट चाकांचा ट्रेलर एकदाच जातो.

म्हणजे गावाचा रस्ता फोडणारा बहुतेक वेळा तो राक्षसासारखा दिसणारा ट्रेलर नसतो. रोज समोरून जाणारा, ओळखीचा वाटणारा ओव्हरलोड ट्रक असतो. त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये आहेत. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, असंही कायदाच सांगतो.

रस्ता वेगळा, पूल वेगळा

पण याचा अर्थ मोठ्या ट्रेलरपासून धोका नाही असा नाही. रस्त्याखाली जमीन असते, पुलाखाली पोकळी. पुलाच्या एका गाळ्यावर एका वेळी एकूण किती वजन आलं, हे तिथे महत्त्वाचं. म्हणून ट्रेलर लांब ठेवतात, सगळं वजन एकाच गाळ्यावर येऊ नये म्हणून.

इंडियन रोड्स काँग्रेस ही आपल्या देशात पुलांची मानकं ठरवणारी संस्था. तिच्या मानकात अशा खास वाहनासाठी ३८५ टनांपर्यंतचा भार धरून पूल कसा तपासायचा हे सांगितलं आहे. त्यासोबत अटी आहेत, आणि त्या कोणालाही उभ्याउभ्या तपासता येतील अशा आहेत. पुलावर त्या वेळी दुसरं एकही वाहन नको. ट्रेलर पुलाच्या अगदी मधल्या रेषेवरून जायला हवा, कडेने नाही. वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढा. आणि पुलावर ब्रेक मारायचा नाही, थांबायचं नाही.

यामागे कारण आहे. कडेने गेला तर सगळा भार एका बाजूच्या तुळईवर येतो. वेगात गेला तर धक्क्याने भार वाढतो. ब्रेक मारला तर पुलाला आडवा हिसका बसतो. मागे-पुढे दोन भरलेले ट्रक आले तर केलेला हिशोबच चुकला. म्हणून पायलट गाडीवाला झेंडा दाखवून आपली मोटरसायकल थांबवतो, तेव्हा चिडू नका. "माझी दुचाकी निघून जाईल" म्हणून बाजूने घुसणं म्हणजे ट्रेलरला पुलावर ब्रेक मारायला लावणं.

खरी कमजोर कडी असते ती गावरस्त्यावरची. जुनी मोरी, नाल्यावरचा रपटा, तलावाच्या पाळीवरून गेलेला रस्ता. हे सगळं ट्रॅक्टर, एसटी आणि धानाच्या ट्रकसाठी बांधलेलं. त्यावरून शंभर टन न्यायचे असतील तर संबंधित विभागाची तपासणी आणि लेखी परवानगी लागते.

सीमेवर इतके दिवस का थांबतो?

कारण परवानगी एक नसते. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ऑनलाइन सोय आहे. गाडीसकट एकूण वजन १६९ टनांपर्यंत असेल तर बऱ्याच मार्गांवर ही परवानगी लवकर मिळते. त्याच्या वर गेलं की पुलांचा वेगळा अभ्यास आला. राज्यमार्ग लागला तर त्या राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग. तारा उचलायच्या किंवा वीज बंद करायची तर इकडे महावितरण, तिकडे छत्तीसगडची वीज कंपनी. रेल्वे फाटक ओलांडायचं तर रेल्वे. वाहतूक थांबवायची तर त्या त्या जिल्ह्याचे पोलीस.

एका राज्याचे कागद हातात आले आणि दुसऱ्याचे बाकी असले, तर ट्रेलर सीमेच्या अलीकडे उभा राहतो. मागे फिरता येत नाही, कारण एवढी गाडी वळवायला मैदान लागतं.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आल्यापासून विक्रीकराचे नाके गेले, त्यामुळे कराचा थांबा कमी झाला. त्याच्या जागी ई-वे बिल आलं. त्यातला नियमच या प्रवासाचा वेग सांगतो. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. ओडीसीला दर २० किलोमीटरला एक दिवस. नागपूर ते रायपूर साधारण २९० किलोमीटर. साधा ट्रक ते एका रात्रीत कापतो. ओडीसीच्या ई-वे बिलाला तेवढ्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते. म्हणजे हा माल दिवसाला वीसच किलोमीटर जाणार, हे सरकारनेही धरूनच ठेवलं आहे.

एक वर्ष चाललेला ट्रक आणि अडलेली नदी

महाराष्ट्रातून निघालेलं एक यंत्र यासाठी देशभर गाजलं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी बनवलेलं अवकाश यानाच्या भागांचं एक अवाढव्य उपकरण ८ जुलै २०१९ ला निघालं आणि जुलै २०२० मध्ये केरळात पोचलं. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. वेळ एक वर्षाहून जास्त. सरासरी काढली तर दिवसाला पाच किलोमीटरसुद्धा नाही. वजन होतं सुमारे ७० टन, म्हणजे या धंद्यात फार नाही. अडचण होती ती साडेसात मीटरच्या उंचीची आणि जवळपास सात मीटरच्या रुंदीची. सोबत ३२ जणांचं पथक. वाटेत कुठे तारा काढायच्या, कुठे फांद्या छाटायच्या, कुठे रस्ता नीट करायचा. त्यात लॉकडाऊन लागलं.

दुसरं उदाहरण देशाच्या सीमेपलीकडचं, आणि गावकऱ्यांनी नीट लक्षात ठेवावं असं. त्रिपुरातल्या पालाटाणा इथल्या ७२६ मेगावॅटच्या वीज प्रकल्पाची अवजड यंत्रं २०११-१२ मध्ये बांगलादेशातून नेली गेली. आशुगंजपर्यंत नदीतून आणि तिथून रस्त्याने आखाऊड्याच्या सीमेपर्यंत. वाटेतले पूल एवढं वजन पेलणार नव्हते, म्हणून पुलांच्या बाजूने मातीचा भराव टाकून तात्पुरता रस्ता केला. हा भराव तितास नदी आणि तिला मिळणाऱ्या कालव्यांवरही पडला. पाणी अडलं. मच्छीमार आणि शेतकरी चिडले, विरोध झाला आणि नंतर भराव काढावे लागले.

हे आपल्याला का सांगतोय? कारण नाल्यावरचा पूल कमजोर असला की बाजूने मुरूम टाकून 'वळण रस्ता' करायची पद्धत आपल्याकडेही आहे. ट्रेलर गेला, माणसं गेली, भराव तसाच राहिला, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी नाल्यातून न जाता धानाच्या बांधीत शिरलं, तर नुकसान कोणाचं? यंत्र पोचलं की कंपनीचं काम संपतं. आपला हंगाम तिथून सुरू होतो.

तारेचा धोका सगळ्यात मोठा

ट्रेलरची पाटी जमिनीपासून एक-सव्वा मीटर. त्यावर साडेचार मीटरचा ट्रान्सफॉर्मर. झाले पावणेसहा मीटर. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार किमान ६.१ मीटरवर आणि घरगुती पुरवठ्याची तार ५.८ मीटरवर हवी. म्हणजे कागदावरसुद्धा वीतभर-हातभर जागा उरते. गावात तार किती झोललेली असते ते आपल्याला माहीत आहे. रेल्वे फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आडवी चौकट असते, तिची उंची साधारण पावणेपाच मीटर. कारण पुढे २५ हजार व्होल्टची तार आहे. ओडीसी तिथून रेल्वेने वीज बंद केल्याशिवाय जाऊच शकत नाही.

अशा वेळी गावातल्या एखाद्या पोराला सांगितलं जातं, "बांबूने तार उचल रे थोडी." हे कधीही करू नका आणि कोणाला करू देऊ नका. दमट बांबूतून वीज येते. उच्च दाबाच्या तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसतो. तार उचलायचं काम वीज कंपनीच्या माणसाचं, तेही पुरवठा बंद करून. दोनशे-पाचशे रुपयांसाठी कोणी जीव लावू नये.

गावाने काय करायचं?

– गाडी महामार्ग सोडून गावरस्त्यावर येत असेल तर सरपंच, पोलीस पाटील यांनी परवानगीची प्रत दाखवायला सांगावी. त्यात मार्ग, वजन, उंची आणि मुदत लिहिलेली असते. आपल्या रस्त्याचं नाव त्यात आहे का, तेवढं बघा.

– रस्ता कोणाचा हे माहीत असू द्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. तक्रार योग्य ठिकाणी गेली तरच कागद हलतो.

– गाडी यायच्या आधी मोरी, रपटा, खांब, शेताचा धुरा यांचे फोटो काढून ठेवा. नंतरच्या फोटोला आधीचा फोटो असला तरच किंमत.

– कोणाच्या शेतातून तात्पुरता रस्ता जाणार असेल तर तोंडी बोलण्यावर जाऊ नका. किती जागा, किती दिवस, किती मोबदला आणि भराव कोणत्या तारखेपर्यंत काढणार, हे लिहून घ्या. तारीख मृगाच्या आधीची हवी.

– नुकसान झालंच तर गाडी जायच्या आत गाडी नंबर, परवानगीचा क्रमांक लिहून घ्या आणि पंचनामा करायला लावा. रस्ता-पुलाचं नुकसान झालं तर भरून देऊ, असं हमीपत्र वाहतूकदाराने परवानगी घेताना दिलेलं असतं.

– वाट अडली आणि पेशंट न्यायचा असेल तर पायलट गाडीला आणि पोलिसांना लगेच सांगा. पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्ग १०३३, विजेची तक्रार १९१२.

– यात्रेच्या दिवसांत दरेकसा-धनेगाव रस्त्यावर चार राज्यांतून माणसं येतात, पायी चालणारे असतात, लेकरं असतात. त्या दिवसांत या भागात अवजड वाहन येऊ नये, असा ठराव ग्रामसभेने आधीच करून तहसीलदार आणि पोलीस ठाण्यात देऊन ठेवावा.

आणि शेवटी एक. ट्रेलरसोबत चालणारी माणसंही कोणाच्या घरची आहेत. महिनोनमहिने रस्त्यावर राहतात, चाकाखाली दगड लावतात, रात्री गाडीखालीच झोपतात. त्यांना पाणी विचारा. परवानगीचा कागदही विचारा. दोन्ही एकाच वेळी करता येतं.